कपाटाच्या दारावरचे पासवर्ड

सॉफ्टवेअरच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. गंगापूर रोडवर एका दूध डेअरीच्या डोक्यावर आमचं ऑफिस आहे, माणसं सात आणि धड खुर्च्या सहा. तिथे तीन वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. मी तर एकही लिहून ठेवलेला नाही. माझे सगळे रागानं पाठ झालेत!

कारण माझं काम एकच, लोकांचे पासवर्ड सांभाळणं. आणि ते सांभाळले जाऊ नयेत म्हणून बाकीचे सगळे एकदिलानं झटत असतात.

*

पहिला किस्सा सरांचा. सर म्हणजे आमचे मालक. येवल्याच्या एका विणकर सोसायटीचं अ‍ॅप आमच्याकडे आहे. पैठणी विणणारे सभासद आपापल्या नव्या नक्षीचे फोटो त्यात ठेवतात, स्वतःच्या पासवर्डनं. हे पासवर्ड आमच्याकडे जसेच्या तसे पडून होते, उघड्यावर! मी म्हटलं, सर, हे हॅश करायला हवेत.

"म्हणजे काय?"

"म्हणजे दळून ठेवायचे. गव्हाचं पीठ होतं, पिठाचे परत गहू होत नाहीत. माणसानं पासवर्ड टाकला की तोही दळायचा आणि पीठ जुळतं का ते बघायचं. मूळ गहू कुणालाच दिसत नाहीत. आपल्यालाही नाही."

सरांनी अगदी मन लावून ऐकलं. "वैशाली, एकदम पटलं. फक्त क्लायंटनं मागितले तर गहू परत देता आले पाहिजेत."

*

निखिल माझ्या शेजारी बसतो. पोरगा हुशार आहे, आणि तीच पंचाईत आहे. मी त्याला सांगितलं, यासाठी तयार कोड मिळतो, त्याला लायब्ररी म्हणतात, ती फुकट मिळते, जगभरच्या जाणकारांनी ती वर्षानुवर्षं ठोकून पाहिली आहे. तीच वापर.

"मॅडम, ती सगळ्यांना माहितीये. मी आपलीच सीक्रेट पद्धत बनवलीये. कुणाच्या बापाला कळणार नाही!"

त्यानं काय केलं होतं? प्रत्येक अक्षराच्या जागी तीन घरं पुढचं अक्षर! मी चिडून तो कागद घरी नेला, नवऱ्याला दाखवायला. चौथीतल्या माझ्या लेकीनं तो पोळी खाता खाता वाचला.

"आई, ही तर आमची मधल्या सुट्टीतली भाषा. पण आम्ही आता बदलली, सगळ्यांना कळायला लागली होती."

*

येवल्याला मी पहिल्यांदा गेले ती शकीला आपांमुळे. आपांचा हात चाळीस वर्षं मागावर बसलेला. आणि कान असे की मागाच्या खटखटाटात धागा तुटला तरी त्यांना ऐकू येतो. त्यांनी पदरावरचा एक नवा मोर महिनाभर खपून बसवला, फोटो अ‍ॅपमध्ये ठेवला. साडी मागावरून उतरायच्या आत तोच मोर एका शोरूममध्ये टांगलेला!

आपांनी मला विचारलं, "बेटा, कुलूप माझं, किल्ली माझी, मग मोर उडाला कसा?"

मी सोसायटीच्या ऑफिसात गेले. तिथले क्लार्क जगताप भाऊ सज्जन माणूस, स्वतःच्या घरीही माग आहे. कुणी पासवर्ड विसरलं तर काय करता, म्हणून मी विचारलं. त्यांनी कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला सगळ्या सभासदांच्या पासवर्डची छापील यादी, चारी कोपरे टेपनं चिकटवलेले! आमच्याच अ‍ॅपमधून छापलेली. दर महिन्याला ताजी!

"आणि कपाटाला कुलूप?"

"हाय ना ताई. पन किल्ली वरच ठेवतो. चेअरमनसाहेबांना लागती, साहेबांच्या पुतन्याला लागती, कुनाकुनाला द्यायची!"

माझा संताप संताप झाला. आपांच्या महिनाभराच्या मेहनतीवर पाणी पडलं होतं आणि दरवाजा आम्हीच उघडा ठेवला होता. परत येईपर्यंत मी ठरवलं, हे पासवर्ड दळल्याशिवाय स्वस्थ बसायचं नाही.

*

दोन महिन्यांनी नवी आवृत्ती चाचणीला आली. निखिलनं ऐन वेळी कुठल्याशा जुन्या ब्लॉगवरून मोडीत निघालेली पद्धत उचलली होती. सर धावत आले. "वैशाली, बग आहे! तेवीस सभासदांचं पीठ अगदी सारखं दिसतंय!"

"बग नाही सर. तेवीस जणांचा पासवर्ड एकच आहे, म्हणून पीठ एकच."

निखिलचे डोळे चमकले. "काय असेल? जुन्या डेटात बघू का?"

"हात लावलास तर याद राख! दुसऱ्याचं पत्र फोडतात का?"

कुणी बघितलं नाही. मी चांगली लायब्ररी लावली. ती प्रत्येकाचा पासवर्ड दळायच्या आधी त्यात चिमूटभर वेगळी अक्षरं मिसळते, म्हणजे गहू सारखे असले तरी पीठ वेगळं. यादी पुन्हा काढली, प्रत्येकाचं पीठ वेगळं.

सरांनी माझी पाठ थोपटली. "बघ, निघाला ना बग!"

*

ही लायब्ररी मुद्दाम सावकाश दळते. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो. आपल्याला तो जाणवत नाही, पण लाखो अंदाज मारून बघणाऱ्या चोराची त्यात वर्षं जातात. तो सावकाशपणा म्हणजेच तिची राखण. मी दोन दिवस रजेवर होते. परत येऊन बघते तर किती सावकाश दळायचं तो आकडाच निखिलनं तळाला नेऊन ठेवलेला, लॉगिन सुसाट! आणि भिंतीवर निखिलचा हसरा फोटो, खाली 'या महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी'. सोबत चिवड्याचं पाकीट.

आकडा मी पूर्ववत केला. चिवडा मात्र खाल्ला, रागानं भूक लागते.

*

शेवटी सोसायटीचे चेअरमनच अडून बसले. दळण नको, यादी पाहिजे. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "उद्या येवल्यात सभासदांची सभा आहे. चेअरमन तिथेही नाही म्हणाले तर हॅशिंग काढून टाकायचं. जमत नसेल तर दुसरीकडे बघ."

मी राजीनामा पर्समध्ये घालूनच सभेला गेले.

हॉल भरलेला, सर व्यासपीठावर चेअरमनच्या शेजारी. मी बोलले, कपाटाचं सांगितलं, मोराचं सांगितलं. चेअरमन हसून उठले, माइक घेतला.

"ताईंचं शिक्षन लय, पन आपली मानसं साधी! पासवर्ड इसरत्यात. यादी हाय म्हनून अडत नाय. जगताप, आना ती यादी. मी सोता वाचून दावतो. बोला, कोन इसरलंय?"

जगताप भाऊंनी यादी आणली, साहेबांच्या हातात दिली आणि भिंतीकडे बघत उभे राहिले.

पहिल्या रांगेतून शकीला आपांचा हात वर झाला. "मी विसरले, साहेब. जरा मोठ्यानं वाचा, मला कमी ऐकू येतं."

चेअरमननी चष्मा चढवला, बोट फिरवत नाव शोधलं आणि माइकमध्ये एकेक इंग्रजी अक्षर लावून वाचायला लागले. "चे... अर... मन! बघा, मानसं किती प्रेम करत्यात! चेअरमन... सी, एच, ओ... चो..."

चोच्या पुढे ते थांबले. माइक चालूच होता.

"ऐकू नाही आलं, साहेब," आपा म्हणाल्या.

मागच्या रांगेत एक म्हातारे विणकर उठले. "राहू द्या साहेब. माझा नका वाचू, माझा बी त्योच हाय."

"माझा पन."

"आमच्या घरात दोघांचा!"

हात वर होत गेले. मी मोजत होते. बाविसाव्या हाताला चेअरमननी यादीची घडी घातली, खिशात कोंबली आणि सरांकडे वळून म्हणाले, "ते ताईंचं दळन... आजच करून टाका."

तेविसावा हात भिंतीपाशी उभ्या असलेल्या जगताप भाऊंचा होता.