न पडलेलं सुतक

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आईला नाही, देवापुढेही नाही. मग तुम्हालाच का? वरचा मजला पाहुण्यांना भाड्याने द्यायला तुम्ही मला व्हिडिओ कॉलवर शिकवलंत, म्हणून असेल. तिकडे मित्रांना सांगता ना – आमच्या आजीची कधी चूक होत नाही?

पहिल्याच महिन्यात झाली. जाहिरातीत सगळ्या मजल्याचं भाडं टाकायचं तिथे मी एका खोलीचं टाकलं. ऐन लग्नसराई, नांदुऱ्यात कुठे जागा नाही – लगेच बुकिंग आलं. गावातल्याच शोभाताई. मुलीच्या लग्नाला येणाऱ्या वऱ्हाडासाठी त्यांनी मजला घेतला. चूक माझ्या लक्षात आली, ती लग्न तोंडावर आल्यावर.

एवढंच म्हणायचं होतं – ताई, माझा आकडा चुकला. किंवा गप्प राहून नुकसान सोसायचं. पण जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांची गणितं तपासलेली मी – चुकले म्हणू? फोन लावला आणि बोलून गेले, घरात सुतक आहे, जागा देता येणार नाही. कोण गेलं, असं त्यांनी हळूच विचारलं. आणि मी – कसं लिहू? – जळगाव जामोदच्या तुमच्या काकीआजीचं, माझ्या धाकट्या जावेचं नाव घेतलं. सकाळीच तिचा फोन येऊन गेला होता. एवढंच.

त्यांचं वऱ्हाड कार्यालयात सतरंज्यांवर झोपलं.

लग्न उरकलं आणि शोभाताई दारात. हातात डबा – सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पिठलं-भाकर. "लग्नघरातून येता नाही आलं वो मॅडम. पोरीची बोळवण केली अन् आली." पाणीही न घेता, रीतीप्रमाणे 'येते' न म्हणता त्या वळल्या.

आणि जाऊ आत होती! न कळवता दुपारच्या बसने आलेली. "कोन आलं वो बाई?" मागच्या खोलीतून तिचा खणखणीत आवाज. शोभाताई फाटकापाशी होत्या. त्यांनी ऐकलं असेल का? मला अजून कळलेलं नाही.

शेजारीण, असं मी सांगितलं. जावेने डबा उघडला. "पिठलं लय चवदार हाये. तुमच्या हातच्यासारखं अळनी नाही!" स्वतःच्या मरणाची भाकर ती हसत, बोटं चाटत जेवली. मी वाढत होते.

बाजारात शोभाताई भेटल्या की माझा हात धरतात – एकट्या पडल्या असाल. मी मान हलवते. हलवणार नाही तर काय करणार? तेव्हापासून जावेला मी नांदुऱ्यात पाऊल ठेवू दिलेलं नाही. कधी रंगकाम सांगते, कधी पाहुणे, कधी माझे गुडघे. पूर्वी ती महिन्या-दोन महिन्यांनी यायची.

तिला वाटतं, तिचंच काही बिनसलं. परवा फोनवर रडली. "बाई, माह्यं काई चुकलं असन तं माफ करा वो मले."

मी म्हणाले, "असू दे. केलं माफ."