लुमेरावाले सर

भोरच्या बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर संघपालचा टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास आहे. जिना इतका अरुंद, की वरचा माणूस खाली येईपर्यंत खालच्यानं ताटकळत उभं राहायचं. संघपाल माणूस सरळ. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. त्याची बायको माधुरी म्हणायची, भाजीवालीनं किडकी वांगी दिली तरी आमच्याकडचे आभार मानून येतात. पोरांनी कीबोर्डवर चहा सांडला तरी हा आधी पोराचा हात भाजला का ते बघणार. अशा माणसाच्या अंगात यायचं ते एकाच गोष्टीवरून, आणि ती म्हणजे लुमेरा कंपनीचा फोन.

पुण्यात नोकरीला असताना पहिल्या पगारातून त्यानं लुमेरा घेतला होता. ते डबडं आता चालू होत नाही, पण माधुरीच्या साड्यांच्या कप्प्यात ते अजून जपून ठेवलेलं आहे. त्यानंतरचा प्रत्येक फोन लुमेराचाच. त्या कंपनीला संघपाल नावाचा कुणी प्राणी भोरमध्ये राहतो याचा पत्ता नाही, आणि हा तिच्या बाजूनं असा भांडायचा की जणू कारखान्यात याचा निम्मा वाटा आहे. हसू येतं खरं. पण दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना अ आणि आ कुठल्या बटणावर ते शिकवणाऱ्या माणसाला कुठंतरी आपलंच खरं करायला मिळावं, एवढी हौस असायचीच.

ती हौस तो 'मोबाईलचा आखाडा' नावाच्या ग्रुपवर भागवायचा. साताऱ्यापासून लातूरपर्यंतची माणसं तिथं एकमेकांच्या फोनची अब्रू काढत. संघपालला सगळे 'लुमेरावाले सर' म्हणत, आणि या सरांना पुरून उरणारा तिथं एकच होता. तो म्हणजे वेल्ह्याच्या वरच्या एका वाडीतला गोरख. वाड्यावाड्यांतलं दूध टेम्पोत भरून तो रोज सकाळी वेल्ह्याला उतरवायचा. त्याच्याकडे डॅक्सन. जाडजूड, जड, फोटोच्या नावानं बोंब, पण आपटा, भिजवा, काही होत नाही. लुमेरा खिशात ठेवायचा नसतो, पाळण्यात ठेवायचा असतो, असं गोरख लिहायचा. संघपाल उलट लिहायचा की डॅक्सननं काढलेल्या फोटोत सख्खी आई पोराला ओळखत नाही. सहा-सात वर्षं हे चाललं होतं. दोघांपैकी एकानंही एकदासुद्धा माघार घेतली नव्हती.

गोरखच्या भांडणाची एक तऱ्हा होती. त्याच्या वाडीला रेंज नाही, खाली येणाऱ्या रस्त्यालाही नाही. संध्याकाळी वेल्ह्यातून निघताना तो ग्रुपवरचं सगळं वाचून घ्यायचा, रात्रभर मनात घोळवायचा आणि सकाळी दूध गोळा करता करता उत्तरं लिहायचा. ती फोनमध्येच अडकून राहायची. टेम्पो वेल्ह्याच्या रेंजमध्ये शिरला की एकदम बाहेर पडायची. इकडे संघपालच्या हातात सकाळचा चहा असायचा आणि टेबलावरचा फोन थरथरत सरकायला लागायचा. ग्रुपवर कुणीतरी लिहायचं, 'गोरखचं दूध आलं.' माधुरीसुद्धा तेच म्हणायला लागली होती.

दोघांची प्रत्यक्ष भेट फक्त एकदा झाली. संघपाल कामासाठी वेल्ह्याच्या तहसील कचेरीत गेला होता, तिथं गोरखनं त्याला फोटोवरून ओळखलं. ग्रुपवर 'संघ्या' म्हणणारा हा गडी समोर 'सर, सर' करत होता. दोघं स्टँडवरच्या हॉटेलात बसले. भाताचं कसं आहे, भाटघर धरणात पाणी किती, क्लासला पोरं येतात का, एवढंच बोलणं झालं. फोनचा विषय कुणी काढला नाही, दोघांनाही लाज वाटली असावी. चहाचे पैसे गोरखनं संघपालला देऊ दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ग्रुपवर पुन्हा मारामारी सुरू झाली.

मग ती संध्याकाळ आली. गोरखनं दुधाच्या कॅनमध्ये बुडवून काढलेल्या आपल्या डॅक्सनचा फोटो कुणाच्या तरी फोनवरून काढून ग्रुपवर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'हाय का हिंमत?' नेमका त्याच दुपारी संघपालचा लुमेरा क्लासच्या जिन्यावरून गडगडत खाली गेला होता आणि काचेला कोपऱ्यापासून तडा गेला होता. ही गोष्ट त्यानं ग्रुपपासून लपवली होती. राग होता जिन्यावर, काचेवर, स्वतःवर, आणि तो सगळा निघाला गोरखवर. त्यानं लिहिलं, 'एकच झटका बसेल. तुझा डॅक्सनपण जाईल आणि तूपण. असेल उत्तर तर दे.' लोकांनी हसण्याची चित्रं टाकली. गोरखनं ते वाचलं, पण काही लिहिलं नाही. लिहिणार तो सकाळीच.

सकाळी चहा झाला, दुसरा झाला, फोन गप्प. दुपारी नसरापूरच्या स्वरूपनं ग्रुपवर कळवलं की वाडीच्या खालच्या वळणावर गोरखचा टेम्पो दरीत गेला, आणि गोरखही गेला.

संघपालच्या घरात अशुभ बोलण्याला घाबरायची रीत नव्हती. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच नवस, अंगारे, दृष्ट काढणं हे सगळं मागं टाकलं होतं, आणि वडील आनंदराव तर मांजर आडवं गेलं की मुद्दाम त्याच रस्त्यानं जायचे. शब्दानं माणूस मरत नाही, हे संघपाल दहा जणांना समजावून सांगू शकला असता. त्याला खात होतं ते दुसरंच. गोरख दूध भरायला टेम्पो थांबवायचा तेव्हा उत्तरं लिहायचा की उतारावर एका हातानं, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. कुणी म्हणे, म्हैस आडवी आली. कुणी म्हणे, कॅन सरकले. संघपालला एवढंच कळून घ्यायचं होतं, की त्या वळणावर गोरख आपल्याला उत्तर लिहीत होता का. हे विचारणार कुणाला, आणि कुठल्या तोंडानं?

रोज सकाळी चहाच्या वेळेला फोन थरथरल्याचा त्याला भास व्हायला लागला. उचलून बघावं तर काही नसायचं. तो फोन स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवायला लागला, तरी टेबल हलल्यासारखं वाटायचंच. क्लासमध्ये एखादं पोर टायपिंग करता करता थांबलं की हा दचकून बघायचा. माधुरीनं विचारलं तेव्हा झोप होत नाही म्हणाला. ते खोटं नव्हतं.

मधेच स्वरूपनं कळवलं की गोरखचा फोन सापडला. गुराख्याला दरीत कारवीच्या झुडपात दिसला. बॅटरी उतरलेली, पण फोनला ओरखडासुद्धा नाही. कुणीतरी लगेच लिहिलं, 'डॅक्सन जिंकला', आणि भान आल्यावर पुसून टाकलं. संघपालनं ते पुसायच्या आत वाचलं होतं. झटका बसला, फोन राहिला आणि माणूस गेला, म्हणजे इतक्या वर्षांचं भांडण गोरखनं अशा रीतीनं जिंकलं. त्या दिवशी संघपालला जेवण गेलं नाही.

दहाव्याला तो एसटीनं वेल्ह्याला गेला. सांत्वनाला जातोय असं त्यानं घरी सांगितलं आणि स्वतःलाही सांगितलं. खरं तर त्याला तो फोन बघायचा होता, आणि याची त्याला शरम वाटत होती. नदीकाठी पिंड मांडले होते. तो चपला काढून जांभळाखाली बाजूला उभा राहिला. गोरखची आई बनाबाई त्याला फोटोवरून ओळखून जवळ आली. तुमीच का ते भांडनारं सर, असं तिनं विचारलं. रोज रातीला जेवताना तुमचं सांगायचा आन हसायचा, असं म्हणून तिनं डोळ्यांना पदर लावला. संघपालला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण पाय जागचे हलले नाहीत.

कावळा मात्र लगेच शिवला. पिंड ठेवून माणसं मागं सरतात न सरतात तोच झाडावरून खाली आला आणि चोच मारून गेला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पोराचं मागं काही राहिलं न्हाई, म्हातारी माणसं म्हणाली. आणि कावळ्याबिवळ्यावर काडीचा विश्वास नसलेला आमचा संघपाल, त्याला त्या क्षणी वाटलं की हे खरं असावं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, याला कावळा पुरला.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. एकदा, दोनदा, मग सारखा. त्यानं बाहेर काढला. तडा गेलेल्या काचेवर नाव होतं गोरखचं.

मग हळूहळू उलगडा झाला. फोन चार्ज करून घरच्यांनी वाडीवरून खाली आणला होता. तो रेंजमध्ये आला आणि त्या सकाळी अडकलेलं सगळं आता बाहेर पडत होतं. एकानंतर एक उत्तरं येत होती. स्वरूपच्या बॅटरीची टिंगल, लातूरच्या कुणाच्या तरी चार्जरवर शेरा, कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. ग्रुपवर एरवी शंभर माणसं तुटून पडायची, आज एकाचंही बोट हललं नाही.

संघपालनं सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं, पुन्हा वाचलं. त्याच्या बोलण्याला उत्तर त्यात नव्हतं. एकही ओळ त्याला नव्हती. म्हणजे गोरखनं ते मनावर घेतलं नव्हतं. म्हणजे वळणावर तो आपल्याला लिहीत नव्हता. इतक्या दिवसांनी त्याची छाती मोकळी झाली. मेलेल्या माणसाचे निरोप हातात धरून आपण हलकं वाटून घेतोय हे त्याला कळत होतं, तरी हलकं वाटत होतंच.

"सर."

गोरखची बायको अश्विनी समोर उभी होती. तिच्या हातात तो डॅक्सन होता. फोटो मोठा करून घ्यायचा म्हणून सकाळी चार्जिंग केला, असं ती म्हणाली. तिनं इकडंतिकडं बघितलं, फोन उघडला आणि त्याच्यापुढं धरला.

"ह्ये घरात कुनाला दावलं न्हाई म्या. तुमी बघा."

ग्रुप उघडा होता. तळाशी लिहायच्या जागेत संघपालचंच वाक्य उत्तरासाठी धरून ठेवलेलं होतं. एकच झटका बसेल, तुझा डॅक्सनपण जाईल आणि तूपण. त्याच्याखाली न पाठवलेली अर्धी ओळ होती.

'डॅक्सन पन जात न्हाई, आन मी पन'

पुढं काही नव्हतं. संघपालला नदीचा आवाज ऐकू येईनासा झाला. आता अश्विनी काहीतरी बोलेल, चार माणसांत आपला गळा धरेल, आणि तिनं ते करावंच, असं त्याला वाटलं. त्याची तशी तयारीही झाली होती. पण तिच्या तोंडावर राग नव्हता.

"फुडं काय लिवनार हुते ह्ये?" तिनं विचारलं. "तुमाला ठावं असंल. तुमच्याशी बोलायचे तेवढं आमच्याशी बी बोलत नव्हते."

माहीत नाही असं सांगता आलं असतं. त्यानं तोंड उघडलंही होतं. पण सहा-सात वर्षं या माणसाची प्रत्येक ओळ संपायच्या आत त्याला पुढची कळायची, आणि ही ओळ तर शाळेतल्या पोरालाही पुरी करता आली असती. अश्विनीलाही ती येत होती. तिला ती दुसऱ्याच्या तोंडून हवी होती.

"जात न्हाई," संघपाल म्हणाला. मग तिच्याकडे बघून त्यानं सगळी ओळ म्हटली. "डॅक्सन पन जात न्हाई, आन मी पन जात न्हाई."

अश्विनीनं मान हलवली. "व्हय. असंच लिवलं असतं." तिनं फोन त्याच्या हातात दिला. "मग पुरं करा की, सर. माझ्यानं हुईना. अर्धं नगं राहाया."

फोन जड होता, गोरख सांगायचा तसाच. पोरांना टायपिंग शिकवणाऱ्या त्या हाताला दोन शब्द लिहायला फार वेळ लागला. अश्विनी बघत उभी होती. त्यानं शब्द लिहिले, बाण दाबला, आणि त्याच्याच खिशात फोन थरथरला.

त्याला आता वर्ष होत आलं. संघपालनं तो निरोप अजून उघडलेला नाही.