दमट वाऱ्यात उघडलेली बरणी

युकलान भित्री होती आणि ते तिला स्वतःलाही मान्य होतं. लग्न होऊन दक्षिण चीनमधल्या शिनहुई गावात आली, त्याच हंगामात सासूनं, सौहिंगनं, तिच्या हातात सुरी दिली. संत्र्याच्या सालीच्या तीन पाकळ्या करायच्या, देठापाशी जोडलेल्या, एकही तुटता कामा नये. ही साल वाळवून बरणीत वर्षानुवर्षं मुरवायची, जितकी जुनी तितकी औषधी आणि मोलाची. पहिल्या दिवशी युकलानच्या हातून बारा तुटल्या.

"माहेरी काय नुसत्या अळकुड्याच सोलल्यास का गं?" सासू म्हणाली.

तेवीस वर्षं झाली. साल आता तुटत नव्हती, सासूची भीती मात्र होती तिथंच होती. म्हातारीचं नाकच तसं होतं. साल किती वर्षं मुरलीय ते नुसत्या वासावर सांगायची. बाजारातले मुरलेले व्यापारी पिशव्या घेऊन तिच्या दारात बसत आणि ती म्हणेल ते निमूट ऐकत.

त्या वसंतात सौहिंगची छाती कफानं भरली. "तुझ्या लग्नाच्या वर्षीची बरणी काढ," ती खोकत म्हणाली. "डॉक्टरच्या गोळ्यांनी हा कफ सुटायचा नाही."

बाहेर दक्षिणेचं दमट वारं सुटलं होतं, भिंतींना घाम फुटला होता. अशा दिवसांत बरणीला हात लावायचा नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पण ती ढास ऐकवेना. युकलाननं झाकण काढलं, चार साली घेतल्या आणि घाईघाईत झाकण तिरकंच बसवलं.

आठ दिवसांनी तिनं पुन्हा बरणी उघडली. वरपासून तळापर्यंत पांढरी बुरशी. तेवीस वर्षं दर उन्हाळ्यात म्हातारीनं स्वतः उन्हात घालून जपलेली साल. युकलाननं ती मागच्या तळ्याकाठी पुरली आणि स्वतःच्या डब्यातली तीन वर्षांची साल आलं घालून उकळायला ठेवली. 

वाटी पुढे करताना तिला वाटलं, आता ही वाटी तोंडावर येणार.

सौहिंगनं वाटी नाकाशी धरली. बराच वेळ धरली. मग घोट घेतला.

"मस्त मुरलीय," ती म्हणाली. "तेवीस वर्षांचीच ना?"

युकलानला हायसं वाटायला हवं होतं. पण ते नाक कधीच चुकलं नव्हतं. आजवर कधी भ्याली नव्हती इतकी ती त्या क्षणी भ्याली.

"आई, ती तीन वर्षांची आहे," ती रडतच म्हणाली. "बरणीला बुरशी लागली. दमट वाऱ्यात मीच उघडली होती. शिव्या द्या मला. द्या ना!"

सौहिंगनं वाटी मांडीवर ठेवली.

"तू आधण ठेवलंस तेव्हापासून वाट बघतेय," ती हळूच म्हणाली. "आत्ता वास येईल, मग येईल. महिना झाला गं, कसलाच येत नाही. बाजारात बोलू नकोस कुणाला."

आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं सुनेचा हात घट्ट धरला.