मुठीत राहिलेला पाचवा खडा

त्या वर्षी चैत्राच्या यात्रेला मी येरमाळ्याच्या येडाई देवीकडे भांडायला गेले होते. मागण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळे हात जोडून उभे होते आणि मी मनात म्हणत होते, आई, तूही माणसांसारखीच निघालीस. जी गप्प बसते तिच्याच डोक्यावर ओझं देतेस.

आमच्या घरातलं भांडण माझ्या मालकांचं आणि आमच्या मुलाचं, दत्ताचं. मालकांनी जन्मभर मेंढरं राखली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते बहिणीकडे सोलापूरला आठ दिवस राहिले, तेवढ्यात दत्तानं सगळा कळप विकून टाकला. दत्ता शाळेत शिपाई आहे, दरमहा पगार येतो. बापानं या वयात उन्हातान्हात फिरू नये असं त्याला वाटलं. त्याची माया खोटी नव्हती, पण त्यानं विचारलं नाही. बापाला नाही आणि मलाही नाही. डोळ्याची पट्टी काढून मालक घरी आले ते मेंढरं कोंडायच्या रिकाम्या वाडग्यापुढं उभे राहिले. तेव्हापासून दीड वर्ष बापलेक एका घरात राहून एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

बोलायचे ते माझ्यामार्फत. "त्याला सांग, पाण्याची मोटार चालूच ठिवून गेलाय." "त्यांना सांग, गोळ्या आणल्यात." दोघं एकाच ओसरीवर बसलेले आणि मी मधे उभी. निरोप कडू असला की शिवी मला बसायची. सून म्हणायची, "आत्या, तुमीच दोगांना लाडावून ठिवलंय." मी हसल्यासारखं करायचे. चौथीत माझी शाळा सुटली, शेरडं राखायला लावलं, आणि मोठ्यांपुढं तोंड उघडायचं नाही हे मात्र पक्कं शिकवलं. राग मी भाकरीबरोबर गिळत आले. लोक त्याला सोशिकपणा म्हणायचे. मीही म्हणायचे.

मग पाच वर्षांची नात, सोनी, बोलायची थांबली. शाळेत तोंडातून अक्षर नाही. घरी माझ्या कानाशी येऊन कुजबुजायची, "आजी, आबांना सांग, मला पाणी पायजे." आबा समोरच तांब्या घेऊन बसलेले असायचे. कानाघशाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, पोरीला काही झालेलं नाही, घरात काही चाललंय का? दत्ता तपासणीचे कागद गोळा करायला लागला. मला मात्र पायापासून डोक्यापर्यंत आग लागली. या दोघांचा हट्ट माझ्या पोरीच्या गळ्यात जाऊन अडकला होता.

यात्रेत येरमाळ्याच्या काळ्या रानातून चुनखडीचे पाच खडे वेचायचे आणि ढिगावर वाहायचे, अशी आमच्याकडची रीत आहे. मी चार वाहिले. पाचवा मुठीत घट्ट धरला. हा देत नाही, म्हटलं, आधी माझ्या पोरीचं तोंड उघड. बहुतेक मोठ्यानं बोलले असेन, कारण शेजारी वाकून खडे वेचणारी एक म्हातारी म्हणाली, "देवीला कशाला दटावतीस गं? तिनं काय तुझी मेंढरं इकली?"

"मग कुणाला सांगू? ऐकतंय कोण?" मी फणकारले.

"ऐकायला लावणारीकडं जा की. कळंबच्या सरकारी दवाखान्यात बुधवारी एक मॅडम बसती. अख्खं घर म्होरं बसवून बोलाया लावती. आमचं बसवलं व्हतं."

तेवढ्यात पालखी आली, गर्दी लोटली आणि म्हातारी दिसेनाशी झाली. मी मेंढरांचं तिच्यापुढं बोलले होते का, हे मला आजही आठवत नाही. खडा तसाच पदराच्या गाठीत बांधून मी घरी आले.

घरी येऊन उंबऱ्यात बसले. म्हटलं, बुधवारी सगळ्यांनी कळंबला यायचं, नाहीतर मी चूल पेटवत नाही. मालक म्हणाले, "येडी झालीस का?" तेव्हा आतून सून म्हणाली, "आत्या, गॅस मी बी पेटवत न्हाय." मग बापलेक दोघेही आले.

मॅडम माझ्या मुलीच्या वयाची होती. तिनं कुणालाच दोष दिला नाही. मालक माझ्याकडे वळून "सांग त्याला" म्हणायला लागले की ती म्हणायची, "आबा, ते समोरच बसलेत. त्यांनाच सांगा." पहिल्या बुधवारी मालक उठून एसटी स्टँडवर जाऊन बसले. दुसऱ्या बुधवारी तिनं मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं, तर मालकच बोलले, "तिला काय कळतंय? चौथी शिकलीय ती."

माझा हात पदराच्या गाठीवर होता. मॅडमनं विचारलं, यात काय आहे? मी खडा काढून दाखवला. ती म्हणाली, "ज्याच्या हातात हा खडा, त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं." देवीचा खडा म्हटल्यावर मालक गप्प झाले. मी चाळीस वर्षांत बोलले नव्हते तेवढं त्या दिवशी बोलले. "दीड वर्स तुमचा राग ह्याला नेऊन देती, ह्याचा तुमाला आणून देती. वाटंत दोगांचाबी माज्याच अंगावर सांडतुया. मेंढरं गेली त्याचं तुमाला दुःख. मला इचारलं का कुणी? पिल्लं म्या बी पाजलीत. आन आता ही पोर मुकी करून बसलाव."

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं.

मालकांनी खडा घेतला आणि हातात फिरवला. मग दत्ताकडे बघून म्हणाले, "म्या अजून पहाटं उठून वाडगं उघडतो. उघडतो आन परत लावतो."

"मला वाटलं तुमी दमलाव, आबा."

"मग इचारायचं की रं मला."

दीड वर्षातलं त्यांचं हे पहिलं बोलणं. मॅडमनं घरासाठी एकच काम दिलं, की आजीनं कुणाचा निरोप न्यायचा नाही. ते मला जड गेलं. कितीदा जीभ पुढं यायची. चौथ्या बुधवारी सोनीनं आपणहून टेबलावरचा खडा उचलला. ती मोठ्यानं म्हणाली, "आबा, तुमची टोपी वाकडी झालीय." मालकांनी टोपी काढली, नीट घातली, पुन्हा काढली आणि तिच्यातच तोंड लपवलं.

सगळं नीट झालं असं मी लिहिणार नाही. बापलेक अजून मोटारीवरून भांडतात, पण समोरासमोर. चौथीवरून मारलेला टोमणा मी विसरलेले नाही, आणि तेही मालकांना सांगितलंय. यंदाच्या चैत्रात पाचवा खडा सोनीच्या हातानं ढिगावर वाहिला. ती म्हातारी रानात कुठं दिसते का ते बघत राहिले. नाही दिसली. मी तिथल्या मातीलाच डोकं टेकवलं.

देवीच्या पायाशी सगळं सोपवायचं म्हणजे सगळं गिळायचं, असं मी जन्मभर समजत होते. आता राग आला की ज्याचा त्याला घरीच देऊन टाकते, आणि मोकळ्या हातानं येडाईचा डोंगर चढते.