धायरीचा घोडा आणि पायाशी गवत

मंडळी, कोथरूडच्या सोसायटीत राहणारा माणूस घोडा बघायला गेला म्हटल्यावर तुम्ही हसणार. हसून घ्या. लेक कॉलेज सांभाळून घोडेस्वारी शिकते आणि आता तिला स्वतःचा घोडा हवाय. म्हणून आज सकाळी तिच्याबरोबर धायरीच्या पुढे एका तबेल्यात गेलो.

घोडा तरुण, तांबूस, देखणा. मालक कपाळावरचा भोवरा दाखवत होता. "लय शुभ हाय साहेब." मी मनात म्हटलं, भोवऱ्यावर बसून रपेट होत नाही.

पाय मात्र दिसतच नव्हते. अख्खं आवार झाडून स्वच्छ, आणि नेमका घोड्याच्या पुढच्या पायांशी गवताचा ढीग. मला तिथेच शंका आली.

"अहो, हे गवत जरा बाजूला करता का?"

गवत बाजूला झालं. उजवा पाय गुडघ्याखाली चक्क बाहेर वळलेला. आज चालतोय, पण रोज पाठीवर स्वार बसला तर उद्या लंगडणार नाही कशावरून?

"लपवायचं तर नीट लपवायचं," मी म्हणालो.

मालक शांतपणे म्हणाला, "मी कशाला लपवू? पाय वाकडा हाय हे ताईंना पहिल्याच दिवशी सांगितलंय. तुम्ही गाडी लावत होता तवा गवत त्यांनीच टाकलं."

ताई म्हणजे आमचं कन्यारत्न. ती माझ्याकडे न बघता घोड्याची मान खाजवत होती.

आता घोडा आधी डॉक्टरांना दाखवायचं ठरलंय. डॉक्टर तिनेच सुचवलेत.

घोड्यांचा असा एखादा डॉक्टर कुणाला माहीत आहे का, जो माझ्या मुलीला ओळखत नाही?