मार्गेरीतचं बंद पत्र

ओबेलीन कॉर्मिएच्या तोंडी लागू नये, हे कॅनडातल्या मंक्टनच्या दप्तरखान्यात येणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळायचं. थुंकी लावून पान उलटणाऱ्या एका वकिलाला तिने दाराबाहेर काढलं होतं. "घरी जाऊन वर्तमानपत्र चाटा!" कोळ्याची पोर ती. आई जाळी सांधायची, ही छत्तीस वर्षं जुने कागद सांधत होती.

एवढी करडी ती पहिल्यापासून नव्हती. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी तिने एक घडीचं पत्र तेव्हाच्या रीतीप्रमाणे वाफेवर मऊ करून उलगडलं. शाईने आतून खाल्लेला कागद घड्यांवर तुटला आणि अर्ध्या ओळींचा चुरा टेबलावर सांडला. कोणी तिला बोल लावला नाही, पण तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

म्हणून कोकान्य गावची झेलिका माये लाखेने बंद केलेलं पत्र घेऊन आली, तेव्हा ओबेलीनने हात पाठीमागे बांधले.

"उघडायचं नाहीये," म्हातारी म्हणाली. "नुसतं वाचायचंय."

"मावशी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"अठ्ठ्याऐंशी वर्षं एकाच ठिकाणी आहे. तू तुझं बघ."

झेलिकाच्या सासरी अडीचशे वर्षांपूर्वी मार्गेरीत नावाची सून होती. इंग्रजांनी इथल्या फ्रेंच लोकांना हाकलून गावं रिकामी केली तेव्हा तिचा नवरा शार्ल आणि तान्ही रोझ जहाजात कोंबली गेली. ही रानात लपून राहिली. बारा वर्षांनी एका मासेमारी नावेतून हे पत्र आलं. वर फक्त तिचं नाव. तिला वाचता येत नव्हतं, आणि पाद्र्याकडेही ती गेली नाही. आत नवऱ्याच्या मरणाची बातमी असली तर? "शार्ल येईल आणि स्वतःच्या हाताने लाख फोडेल," एवढंच म्हणाली. तेव्हापासून घरातली प्रत्येक सासू मरताना सुनेकडून लाख न फोडण्याचा शब्द घेई. झेलिकानेही दिला होता. तिच्यामागे आता सून नव्हती, आणि डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली होती.

"शब्द मोडून मरायचं नाही मला," ती म्हणाली. "पण तो जिवंत होता का, ते कळल्याशिवायही मरायचं नाही."

ओबेलीनने ते पत्र विद्यापीठातल्या रेआलकडे नेलं. दातांच्या अभ्यासासाठी असलेलं क्ष-किरणांचं यंत्र तो चालवायचा. जुन्या शाईत लोखंड असतं, त्यामुळे ती घडीच्या आतही उमटून दिसते. मग संगणकावर एकेक पदर वेगळा करायचा.

"काही तुटणार नाही ना?" तिने चौथ्यांदा विचारलं.

"अगं बाई, किरण आहेत ते, फावडं नाही!"

तीन आठवडे पडद्यावर नुसतं राखाडी धुकं. मग एका सकाळी त्यातून एक अक्षर वर आलं, मागोमाग पूर्ण ओळ. ओबेलीन पडद्याजवळ सरकली. पत्र शेजारी पेटीत तसंच बंद, लाखेला ओरखडासुद्धा नाही, आणि आतला माणूस बोलायला लागला होता! एवढे कागद हाताळले तिने, पण असलं काही पाहायला मिळेल हे स्वप्नातही नव्हतं. तिने नकळत छातीवर क्रूसाची खूण केली. रेआलनेही टोपी काढली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः कोकान्यला गेली. झेलिकाने वाढलेला कोंबडीचा रस्सा निवत राहिला, आणि ओबेलीन वाचू लागली.

"'मार्गेरीत, मी जिवंत आहे, मीकलोन बेटावर. रोझ माझ्यापाशी आहे, तुझ्यासारखीच हट्टी. पाद्रीबाबा हे लिहून देतायत. संत योहानाच्या सणापर्यंत निरोप धाड, मी होडी घेऊन येतो. निरोप आला नाही तर तू या जगात नाहीस असं समजेन, आणि तुझ्या आत्म्याच्या शांतीसाठी चर्चमध्ये मिस्सा सांगेन.'"

"जिवंत होता," झेलिका पुटपुटली. "पोरगीसुद्धा." तिचा चेहरा उजळला, आणि मग हळूहळू बदलत गेला. तिने बंद पत्र मांडीवर घेतलं.

"सण येऊन गेला असेल ना गं?"

"हो, मावशी."

"म्हणजे तिकडे तो तिच्यासाठी मिस्सा सांगत होता," म्हातारी म्हणाली, "आणि ही इकडे या किनाऱ्यावर त्याची वाट बघत बसली होती."