पंख्यासमोरचा आवाज

चिंचवडच्या त्या दुकानात मी दोन ॲक्शन कॅमेऱ्यांपुढे तासभर अडलो होतो. तेव्हा आमची टोळी दर रविवारी मावळातले कडे दोरावरून उतरायची आणि मला हेल्मेटवर लावायला कॅमेरा हवा होता. शेजारी चाकणच्या कुठल्याशा कंपनीचा युनिफॉर्म घातलेला एक माणूस उभा होता, खिशाला क्वालिटी विभागाचं ओळखपत्र. त्यानं न विचारताच दोन्ही कॅमेरे उचलले, बॅटरीची झाकणं दहा-दहा वेळा उघडून लावली, कडांवरून नख फिरवलं. दुकानदार वैतागला.

"चित्र दोघांचंबी झ्याक हाय," तो युनिफॉर्मवाला म्हणाला. "जरा पंखा लावा."

टेबलफॅन फुल्ल करून त्यानं दोन्ही कॅमेरे त्यापुढं धरले, एकच वाक्य दोन्हींत बोलला आणि मला ऐकवलं. एकात नुसती घरघर, दुसऱ्यात शब्द न् शब्द.

"मी मागं चित्र बघूनच कॅमेरा घेतला. धाकटा भाऊ दोरावरनं मला हाक मारतोय, तोंड हलताना दिसतंय, पण ऐकू येतो नुसता वारा. आता भाऊ न्हाई, राव."

मी तोच दुसरा कॅमेरा घेतला. त्या माणसाचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आता टोळी पांगली, माझे गुडघे कुरकुरायला लागले. कॅमेरा कपाटात पडून असतो. कधीतरी काढून त्यातली पहिली क्लिप लावतो. चित्रात फक्त गरगरणारा पंखा आहे, आणि त्याच्या वाऱ्यातून त्या माणसाचा आवाज स्वच्छ येतो, "सावकाश उतर रं, मी हाय वर."